शाळेतलं मानसशास्त्र : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात एका मुलीला 'मानसशास्त्र विषय जरूर घे' असं दोन ओळींत कळवलं होतं. त्यावर आलेली पत्रं वाचली आणि दोन ओळींत भागणारा हा विषय नाही हे लक्षात आलं. मी शाळेच्या वरच्या वर्गांना मानसशास्त्रच शिकवते, त्यामुळे या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : बाई, मी सोळा वर्षांची आहे. वर्गातल्या मुली आपलं दुखणंखुपणं मलाच येऊन सांगतात आणि मलाही ऐकायला आवडतं. म्हणून पुढच्या वर्षी मानसशास्त्र घ्यायचं मनात आहे. हा विषय शिकल्यावर समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखता येतं का?

नाही येत. हे आत्ताच सांगते, कारण ही अपेक्षा धरून आलेली मुलं पहिल्या चाचणीपर्यंत हिरमुसून जातात. मनातलं ओळखण्याची विद्या आमच्याकडे नाही. माणूस कसा बघतो, कसं लक्षात ठेवतो, दहाजणांत गेल्यावर का बदलतो, हे पुराव्यानिशी तपासायची पद्धत मात्र आहे, आणि शाळेत आम्ही तीच शिकवतो.

ते कसं चालतं ते सांगते. सुरुवातीच्याच तासांपैकी एकाला मी मुलांच्या जोड्या पाडते. प्रत्येक जोडीकडे दोन कागद आणि एक स्टॉपवॉच. पहिल्या कागदावर नुसते रंगीत ठिपके, त्यांचे रंग मोठ्याने सांगत जायचं. दुसऱ्या कागदावर रंगांचीच नावं, पण 'लाल' हा शब्द निळ्या शाईत, 'हिरवा' हा पिवळ्या शाईत. इथे शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. पहिला कागद सगळे भराभर संपवतात. दुसऱ्यावर तिसऱ्या-चौथ्या शब्दालाच जीभ अडखळते. कोणी बाकावर बोटाने ताल धरतं, कोणी डोळे बारीक करून अक्षरं पुसट करायला बघतं. वर्गात हशा पिकतो. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग आहे, आणि तो आजही वर्गात हमखास येतो.

हसून झालं की खरा तास सुरू होतो. मी विचारते, दुसऱ्या कागदाला वेळ जास्त लागला तो कशामुळे? 'शब्द आपोआप वाचला जातो म्हणून' हे उत्तर लगेच येतं. मग मी म्हणते, सगळ्यांनी ठिपक्यांचा कागद आधी केला होता, दुसऱ्याला तुम्ही दमला असाल तर? वर्ग गप्प होतो. मग कोणीतरी सुचवतं की अर्ध्या जणांना उलट क्रमाने द्यावेत. आणखी कोणी म्हणतं, जी लिपी वाचताच येत नाही त्या लिपीत शब्द लिहून बघू, वाचण्यामुळे अडत असेल तर तिथे अडखळायला नको. खरोखरच अडखळत नाहीत. ज्या मुलाला पहिल्यांदा ही शंका सुचते तो मानसशास्त्र शिकायला लागला असं मी धरते.

आता तुझ्या मैत्रिणींबद्दल. ऐकून घेणं हा तुझा गुण आहे, आणि हा विषय त्या गुणाला शिस्त लावेल. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग किती असेल ते विचारलं. प्रश्नातलं फक्त एक क्रियापद बदललं. 'धाडकन आदळल्या तेव्हा' असं विचारलं त्यांचा सरासरी अंदाज ताशी ४०.८ मैल आला, 'एकमेकींना टेकल्या तेव्हा' असं विचारलं त्यांचा ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? 'आदळल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले. साधा 'धडकल्या' शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती.

मैत्रीण रडत आली आणि तू विचारलंस, 'तिने तुझा अपमान केला तेव्हा तुला काय वाटलं?' तर 'अपमान' हा शब्द तिच्या आठवणीत तू घातलास. 'काय झालं?' आणि 'मग?' एवढंच विचार, बाकी तिला सांगू दे. विषय अवश्य घे.

प्रश्न : मुलाला मानसशास्त्र घ्यायचं आहे. विषय सोपा, गुण भरपूर, असं त्याचे मित्र सांगतात. माणसं कशी वागतात हे तर चार पावसाळे पाहिलेल्या कुणालाही कळतं, त्यासाठी शाळेत वेगळा विषय कशाला? आणि पुढे त्यावर पोट भरतं का?

तुमची शंका रास्त आहे, आणि ती मी दरवर्षी वर्गात मुद्दाम उभी करते. अर्ध्या वर्गाला एक चिठ्ठी देते : 'संशोधनात असं दिसलं की आसपास जितके जास्त लोक, तितकी अडचणीतल्या माणसाला मदत मिळण्याची शक्यता जास्त. असं का होत असेल?' उरलेल्या अर्ध्यांना बरोबर उलट वाक्य देते. दोन्ही बाजूंची मुलं झरझर कारणं लिहितात. माणसं जास्त म्हणजे कोणी ना कोणी धावणारच. किंवा माणसं जास्त म्हणजे प्रत्येकाला वाटणार, दुसरा बघेल. दोन्हीकडच्या मुलांना आपलं वाक्य 'हे तर उघडच आहे' असं वाटतं. दोन्ही वाक्यं खरी असू शकत नाहीत, आणि तरीही दोन्ही उघड वाटली. उत्तर कळलं की ते आपल्याला आधीपासून माहीत होतं असं वाटायला लागतं. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली हेच प्रयोगाने दाखवलं.

खरं उत्तर जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ साली शोधलं. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवरून बोलत होते. मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज येतो. तो आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं त्यांपैकी ८५ टक्के जण आवाज चालू असतानाच मदतीसाठी बाहेर पडले. आपल्याखेरीज आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं त्यांपैकी ३१ टक्केच. चार पावसाळे पाहिलेल्या माणसाकडे दोन्ही बाजूंच्या म्हणी तयार असतात. त्यांतली कोणती, कुठे आणि किती लागू पडते, हे ठरवायला प्रयोग लागतो.

सोपेपणाबद्दल. उत्तरपत्रिका तपासताना मला हमखास भेटणारं उत्तर सांगते. प्रश्न असतो, 'शिक्षेमुळे मुलांचं वागणं सुधारतं का?' एक विद्यार्थी पानभर लिहितो की मुलांना मारू नये, प्रेमाने समजावावं, मुलं ही देशाचं भविष्य असतात. मन चांगलं आहे, गुण जेमतेम. दुसरा अर्धंच पान लिहितो. शिक्षेने वागणं तात्पुरतं दबतं पण त्याऐवजी काय करायचं ते कळत नाही, वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या स्किनर या मानसशास्त्रज्ञाने योग्य वागण्याच्या प्रबलनावर, म्हणजे बक्षीस देऊन ते वागणं पक्कं करण्यावर, भर का दिला, आणि शेवटी एक ओळ : स्किनरचे प्रयोग बहुतांशी उंदरांवर आणि कबुतरांवर होते, त्यामुळे मुलांबद्दलचा निष्कर्ष जपून काढावा. त्या शेवटच्या ओळीसाठी मी पेन खाली ठेवून ते उत्तर पुन्हा वाचते. मुलाला विषय सोपा वाटत असेल तर त्याला विचारा, प्रमाण विचलन आणि सहसंबंध यांची गणितं करायची तयारी आहे का? मज्जापेशीतून संदेश कसा जातो हे आकृती काढून सांगायची आहे का? गणित आणि जीवशास्त्र टाळायला म्हणून हा विषय घेतलेली मुलं दुसऱ्या सहामाहीत फार कष्टी होतात.

पोटापाण्याचं थोडक्यात : शाळेतल्या मानसशास्त्रावर कोणी समुपदेशक होत नाही. त्यासाठी पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली काम, एवढं सगळं लागतं. मानसोपचारतज्ज्ञ व्हायचं तर आधी वैद्यकाचं शिक्षण, म्हणजे बाकीचे विषय त्या हिशेबाने आत्ताच निवडावे लागतील. हे दोन रस्ते वेगळे आहेत, आणि मुलं शेवटपर्यंत त्यांची गल्लत करतात. या वयातच दोघांनी बसून नीट बोलून घ्या.

प्रश्न : मनोविकारांचं प्रकरण वाचल्यापासून मला झोप लागत नाही. चिंताविकृतीची लक्षणं वाचली, ती माझ्यात आहेत. मंत्रचळाची वाचली, मी पण दाराची कडी दोनदा बघते. नैराश्याचीही निम्मी जुळतात. मी वेडी होतेय का? घरी सांगितलं तर म्हणतील, विषय सोडून दे.

नाही गं, वेडी होत नाहीयेस. तुझ्यासारखी पत्रं या प्रकरणानंतर मला वर्गातही मिळतात, वहीच्या मागच्या पानावर, घडी घातलेली. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांचं हे जुनंच दुखणं आहे. जो आजार शिकायचा तो स्वतःत दिसायला लागतो. कारण साधं आहे. काळजी, उदासी, पुन्हा पुन्हा खात्री करणं, हे सगळं प्रत्येक माणसात थोडंथोडं असतंच. पाठ्यपुस्तकातली यादी ही या रोजच्याच गोष्टींची असते. त्यांचं प्रमाण आणि मुदत हे वेगळे मुद्दे आहेत आणि यादी घाईने वाचताना नेमके तेच डोळ्यांखालून निसटतात.

पुस्तक पुन्हा उघड. नैराश्याच्या निकषांत 'किमान दोन आठवडे, दिवसातला बहुतेक वेळ, जवळजवळ रोज' असं लिहिलेलं सापडेल. त्याच्याच आसपास हेही असेल की या लक्षणांमुळे अभ्यास, नाती, रोजची कामं अडली पाहिजेत. दाराची कडी दोनदा बघून तू शाळेत वेळेवर पोचतेस ना? मग ती सवय आहे. कडी बघण्यात तास जात असेल, आणि नको नको म्हणतानाही हात थांबत नसेल, तर ती वेगळी गोष्ट.

पण हे वाचून 'म्हणजे मला काहीच झालेलं नाही' असंही ठरवू नकोस. निदान मी पत्रावरून करू शकत नाही आणि तू पुस्तकावरून करू शकत नाहीस, आहे म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही. झोप लागत नाही हे तू पहिल्याच ओळीत लिहिलंयस, ते मला महत्त्वाचं वाटतं. प्रकरण वाचायच्या आधी झोप नीट होती का? आधीपासूनच बिघडलेली असेल, जेवण तुटलं असेल, जगणं नको असा विचार एकदा जरी डोकावून गेला असेल, तर आज, उद्यावर न टाकता, घरातल्या किंवा शाळेतल्या ज्या मोठ्या माणसावर तुझा विश्वास आहे त्याला सांग आणि डॉक्टरांकडे जा. विषय सोडायची गरज नाही. घरच्यांना हे उत्तर दाखव.

प्रश्न : आपण मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, हे खरं ना?

खोटं. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, आणि विश्रांतीतही तो शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा खातो. नव्वद टक्के भाग बसून राहणार असता तर शरीराने एवढा खर्च सोसला नसता. मेंदूच्या छोट्याशा भागाला इजा झाली तरी बहुधा काहीतरी बिघडतंच. हे वाक्य भाषणात कोणी म्हटलं तर हात वर करून विचार, 'कोणते दहा टक्के?'

प्रश्न : 'एका रुग्णावरून असं समजलं' असं पुस्तकात सारखं येतं. एका माणसावरून सगळ्यांबद्दल कसं सांगता येईल? सर म्हणतात, परीक्षेत असले प्रश्न विचारू नकोस.

परीक्षेत विचारू नकोस, पण मला जरूर विचार. प्रश्न फार चांगला आहे.

ज्या रुग्णाबद्दल तू वाचलं असशील तो बहुतेक हेन्री मोलेसन. हयात असेपर्यंत पुस्तकांत फक्त 'एच. एम.' एवढीच अक्षरं असायची. २००८ साली तो गेला आणि मग नाव जाहीर झालं. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. झटके कमी झाले, पण नवी आठवण तयार होणंच थांबलं. नुकताच भेटून गेलेला माणूस परत आला की त्याला तो नवा वाटायचा.

ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं. दुहेरी रेषेची एक चांदणी, त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. मात्र हात आणि कागद आरशातच बघायचा. आरशात दिशा फिरलेली असते, त्यामुळे पेन्सिल नको तिकडे पळते. करून बघ, पहिल्या खेपेला तुझीही पळेल. दिवसागणिक त्याच्या चुका कमी होत गेल्या, आणि तरी हे काम आपण आधी कधी केलंय हे त्याला आठवत नव्हतं. हात शिकत होता, त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

आता तुझा प्रश्न. 'सगळ्या माणसांची स्मृती एकच अखंड गोष्ट आहे' असा दावा असेल, तर तो मोडायला एक माणूस पुरतो. तो एक माणूस इथे मिळाला. पण 'मुलं इतक्या वेळात इतकं विसरतात' असा दावा असेल तर एकावर भागत नाही, तिथे बरीच माणसं आणि सरासरी लागते. दावा कोणता, त्यावर किती माणसं हवीत ते ठरतं. हे तुझ्या सरांनाही सांग, त्यांना आवडेल.

प्रश्न : मी यंदापासून मानसशास्त्र शिकवू लागलो आहे. ज्या गाजलेल्या प्रयोगांवर आमचं पुस्तक उभं आहे त्यांतल्या काहींवर आता मोठे आक्षेप आहेत असं वाचतो. मुलांना सांगावं का? सांगितलं तर विषयावरचा विश्वास उडेल अशी भीती वाटते.

सांगा, सर, आणि पहिल्या सत्रातच सांगा. विश्वास उडत नाही. लपवलं आणि मुलांना बाहेरून कळलं, तर मात्र तुमच्यावरचाही उडतो.

स्टॅनफर्डचा तुरुंग घ्या. १९७१ साली फिलिप झिंबार्डो यांनी विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवलं, दोन आठवडे ठरलेलं सगळं सहा दिवसांत थांबवावं लागलं. पुस्तक म्हणतं, अधिकार मिळाला की साधी माणसं क्रूर होतात. आता मुलांना विचारा, कसं वागावं याच्या सूचना पहाऱ्यावरच्या मुलांना आधी मिळाल्या होत्या का? मिळाल्या होत्या. प्रयोग करणाराच तुरुंगाचा अधीक्षक होऊन बसला तर चालेल का? नियंत्रित गट, म्हणजे तुलनेसाठीचा गट, कुठे होता? आणि पुढे अलेक्स हॅस्लम आणि स्टीफन रायकर यांनी तशाच धर्तीवर अभ्यास केला तेव्हा पहारेकरी तसे वागलेच नाहीत, याचं काय करायचं? माझ्या वर्गात या चार प्रश्नांवर दोन तास जातात. सगळ्या वर्षात मुलं सर्वांत जास्त बोलतात ती याच दोन तासांना.

त्याच्या शेजारी स्टॅनली मिल्ग्रम यांचा आज्ञाधारकतेचा प्रयोग ठेवा. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या अभ्यासात प्रयोग घेणाऱ्याने सांगितलं म्हणून ४० पैकी २६ जणांनी दुसऱ्या खोलीतल्या माणसाला ४५० व्होल्टपर्यंत विजेचे 'झटके' दिले. झटके खोटे होते, देणाऱ्यांचा घाम खरा होता. आज तो प्रयोग तसाच करायला कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही. २००९ साली जेरी बर्गर यांनी १५० व्होल्टशी थांबून तो पुन्हा केला. त्याच्या पुढे जायला ७० टक्के जण तयार होते. म्हणजे मिल्ग्रमवरचे नैतिक आक्षेप कायम आहेत, पण निकाल बराचसा टिकला. एकाच प्रकरणातले दोन प्रयोग, दोघांचं भवितव्य वेगळं. हा फरक मुलांना फार चटकन कळतो.

२०१५ सालचा आकडाही फळ्यावर लिहा. मानसशास्त्रातले १०० प्रकाशित अभ्यास संशोधकांच्या मोठ्या गटाने पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांतले ९७ टक्के निकाल सांख्यिकीच्या कसोटीला उतरलेले होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच उतरले. एखादा मुलगा म्हणेल, मग आम्ही हे शिकतोय कशाला? त्याला सांगा की हा आकडा मानसशास्त्राच्या लोकांनीच शोधला आणि स्वतःच छापला. मग त्याच तासाला स्ट्रूपचा कागद काढा, एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून काढलेला विस्मरणाचा आलेख काढा. तो प्रयोगही २०१५ साली पुन्हा केला गेला आणि रेषा जवळपास तशीच उतरली. काय टिकलं, काय पडलं, हे दोन्ही मुलांच्या वहीत असू द्या. तुम्हाला पुस्तकाबाहेर जाण्याचा संकोच वाटत असेल, पण परीक्षेत 'चिकित्सक चर्चा करा' म्हणून जे गुण असतात ते याच मजकुराला मिळतात.

प्रश्न : मुलगी मानसशास्त्र शिकायला लागल्यापासून घरात सगळ्यांचं निदान करते. मी आवाज चढवला की म्हणते, 'आई, तू दुसरीकडचा राग माझ्यावर काढतेयस.' आजोबांना म्हणते, तुम्ही इनकारात आहात, खरं ते मान्यच करत नाही. काय करू?

थोडे महिने धीर धरा, हे बहुतेकांचं ओसरतं. नवे शब्द हाती आले की मुलं ते समोर दिसेल त्याला लावून बघतात. तोवर एक करा. पुढच्या वेळी न रागावता विचारा, 'बरं, मी खरंच तुझ्यावर रागावले असते, तर मी वेगळं काय केलं असतं?' म्हणजे तिचं म्हणणं चूक ठरायला काय दिसावं लागेल, हे तिला सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर ते निदान नाही, शेरा आहे. आमच्या विषयात यावरूनच वाद होतात, तिच्या बाईंनीही हेच शिकवलं असेल. आणि कधीकधी तिचं बरोबरही असेल, तेव्हा तेही मान्य करा.

प्रश्न : प्रकल्पासाठी मला 'अभ्यासाचा ताण आणि झोप' यावर वर्गमित्रांची प्रश्नावली करायची आहे. 'तुला जास्त ताण असल्यामुळे झोप कमी लागते का?' असे वीस प्रश्न तयार आहेत. चालेल ना?

विषय छान आहे, प्रश्न बदलावे लागतील. तू दिलेल्या प्रश्नात उत्तर आधीच बसलेलं आहे, 'असल्यामुळे' म्हणून तू कारण ठरवूनच टाकलंस. त्याचे दोन सुटे प्रश्न कर. एक : गेल्या सात रात्री साधारण किती वाजता झोपलास, किती वाजता उठलास. दुसरा : गेल्या आठवड्यात अभ्यासाचा ताण किती वाटला, १ ते ५ मध्ये. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवू नकोस, मध्ये दुसरे प्रश्न घाल, म्हणजे मुलं आपली उत्तरं जुळवत बसणार नाहीत. वीस प्रश्न फार होतात, शेवटचे सगळेजण डोळे मिटून भरतात. आठ-दहा पुरे.

मग दोन्हींचा सहसंबंध काढ, म्हणजे एक बदललं की दुसरं किती बदलतं ते. तो मिळाला तरी 'ताणामुळे झोप कमी होते' असं लिहू नकोस. झोप कमी झाल्यामुळे ताण वाटत असेल, किंवा रात्री उशिरापर्यंतच्या मोबाइलमुळे दोन्ही होत असेल. या तिन्ही शक्यता निष्कर्षात लिहिल्यास की अर्धं काम झालं.

कागदावर नाव लिहून घेऊ नकोस. वर दोन ओळी घाल : उत्तर देणं ऐच्छिक आहे, मध्येच थांबता येईल. सहभागी अठरा वर्षांखालचे आहेत, म्हणून पालकांच्या संमतीबद्दल शाळेचा नियम काय आहे ते बाईंना आधी विचार. औषधं, आजार, घरातली भांडणं यांबद्दल एकही प्रश्न नको. कारण कोणी काही गंभीर लिहिलं तर निनावी कागदावरून तुला त्याच्यापर्यंत पोचता येणार नाही. कच्ची प्रश्नावली आधी दोन-तीन मित्रांकडून भरून घे, कुठे अडखळतात ते शेजारी बसून बघ, आणि मगच प्रती काढ.